काकूंनी दुकान वाढवले

लॉन्ड्रीवाल्या काकूंच्या हातून त्या दिवशी एक शर्ट करपला. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचा कपडा जाळला नव्हता, आणि आज जळला तो इस्त्री जास्त गरम होती म्हणून नव्हे, तर काकूंचे चित्त थाऱ्यावर नव्हते म्हणून. पलीकडच्या टेबलाशी पक्का चादरींच्या घड्या घालत होता. काकूंना त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती काही केल्या ओठांबाहेर पडत नव्हती.

गोष्ट एवढीच होती की काकूंना लॉन्ड्री बंद करायची होती. दुकान रस्त्यापासून चांगले उंचावर, पायऱ्या अरुंद आणि उभ्या, आणि काकूंच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. रोज सकाळी त्या प्रत्येक पायरीला एक "आई गं" म्हणत दुकानात चढत. शेजारचा चावीवाला ते "आई गं" ऐकूनच आपले शटर वर करी. घड्याळ बघायची त्याला गरज पडत नसे. रात्री घरी काका त्यांच्या गुडघ्यांना मलम चोळत आणि चोळता चोळता विचारत, "मग? सांगितलंस का पक्क्याला?"

"उद्या सांगते," काकू म्हणत. हा संवाद इतक्यांदा झाला होता की मलमाची दुसरी ट्यूबही संपत आली होती.

पक्का म्हणजे तिशीला टेकलेला, उंचापुरा, शर्टाचे गळ्याजवळचे बटणसुद्धा न चुकता लावणारा गडी. त्याचे खरे नाव त्याच्या आईला ठाऊक. गल्लीने त्याचा पक्का करून टाकला होता. कारण काहीही सांगा, तो आधी विचारी, "पक्कं?" आणि समोरच्याने "पक्कं" म्हटले, की मग ती काळ्या दगडावरची रेघ.

तो आला होता एका संस्थेमार्फत. ज्यांना काम करता येते पण त्यांच्यातल्या कमतरतेकडे बघून कोणी देत नाही, अशांना ही संस्था नोकरी मिळवून देई आणि ती अंगवळणी पडेपर्यंत सोबत उभी राही. संस्थेच्या ताई सुरुवातीला रोज पक्क्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, मग समोरच्या स्टुलावर बसू लागल्या, मग आठवड्यातून एकदा डोकावू लागल्या. "माझं काम काय, तर माझी गरज संपवायची," असे त्या हसून म्हणत. काकूंना मात्र त्यांनी एक कानमंत्र दिला होता. "काकू, त्याच्याशी जे असेल ते सरळ बोला. तो शब्दाला शब्द धरतो. आडवळणं नकोत."

आता काकूंचे निम्मे बोलणे आडवळणाचे आणि उरलेले निम्मे म्हणींचे. पहिल्याच आठवड्यात त्या "जरा इस्त्रीवर नजर ठेव रे" असे सांगून मागे गेल्या, तर पक्का अख्खी दुपार इस्त्रीकडे बघत राहिला. समोर गिऱ्हाईक खोकून खोकून दमले, पण याची नजर हलली नाही. एका मोटारसायकलवाल्याला काकू म्हणाल्या, "संध्याकाळी तोंड दाखवून जा, कपडे तयार ठेवते." संध्याकाळी पक्क्याने त्याला हेल्मेट काढायला लावले, तोंड नीट पाहिले, आणि मगच गाठोडे हातात दिले.

पण सगळ्यात मोठी गंमत झाली ती "येतो"ची. दुकानातून निघताना प्रत्येक माणूस "येतो हं काकू" म्हणतो आणि चालू लागतो. पक्का अशा प्रत्येकाची वाट पाही. आला नाही, की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हा त्याच्या दारात हजर. "तुम्ही येतो म्हणालात. मी थांबलो होतो. आला नाहीत." निवृत्त हेडमास्तरांनाही त्याने असेच गाठले, आणि जन्मभर पोरांना वक्तशीरपणा शिकवलेले मास्तर चपला घालून निमूट त्याच्या मागे आले. दुकानाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे न नेलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यातला एक कोट तर आता मालकाच्या मुलाला बेताचा होऊ लागला होता. तो ढीग बघता बघता सपाट झाला. लोक ओशाळून जुने कपडे नेत आणि ओशाळलेपणातच नवे गाठोडे टाकून जात.

पक्का स्वतः मात्र संध्याकाळच्या बसने घरी निघताना डबा पिशवीत टाकून स्वच्छ सांगे, "काकू, जातो."

काकूंच्या काळजात चर्र होई. "अरे, जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"उद्याचं पक्कं नाही," पक्का म्हणे आणि जाई. काकूंना वाटे, हट्टी आहे झालं. तो गेल्यावर बऱ्याच वेळाने त्या एकट्याच दुकान उरकत.

तर अशा माणसाला "आता तुझी नोकरी नाही" हे कसे सांगायचे? काकूंनी करपलेला शर्ट बाजूला ठेवला आणि घसा साफ केला. "बंद" हा शब्द जिभेवर आला होता, पण त्यांच्या सासऱ्यांनी तो अभद्र शब्द दुकानात कधी उच्चारू दिला नव्हता. जुन्या दुकानदारांच्या घरात दुकान बंद होतच नाही. रात्री शटर ओढतात तेव्हाही ते "दुकान वाढवतात". त्यामुळे ऐन वेळी ताईंचा कानमंत्र विसरून काकू म्हणाल्या,

"हे बघ, या महिनाअखेरीला आपण दुकान वाढवतोय."

पक्क्याचे हात चादरीवर थांबले. "पक्कं?"

"पक्कं रे बाबा."

"चांगलं झालं," पक्का म्हणाला, आणि कधी नव्हे तो तोंडभर हसला.

काकूंना भडभडून आले. काय हे मन! स्वतःची नोकरी जाते आहे आणि हा काकूंच्या गुडघ्यांना आराम मिळणार म्हणून हसतो आहे.

"आईला सांगू?" पक्क्याने विचारले.

"सांग."

"ताईंना?"

"तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"चावीवाल्यांना?"

"सगळ्यांनाच सांगून टाक, म्हणजे मला परत परत नको," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसायला मागच्या खोलीत गेल्या. एवढे अवघड काम इतक्या सहज पार पडले, याचे त्यांना नवल वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पक्क्याची आई आली. आल्या आल्या तिने काकूंचे दोन्ही हात धरले. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?"

काकू खजील झाल्या. "अहो, उपकार कसले? मलाच अपराध्यासारखं वाटतंय. या गुडघ्यांपायी निर्णय घ्यावा लागला."

"गुडघे असे असताना घेतलात, तेच तर मी म्हणते. दुसरं कोणी असतं तर सरळ बंद करून घरी बसलं असतं."

हा टोमणा समजावा तर बाईंच्या डोळ्यांत खरोखरीचे पाणी होते. काकूंना काही उमगेना. बाई बोलतच होत्या. "तो जातो का म्हणतो, माहितीय? याआधी तीन ठिकाणी लागला होता. रोज येतो म्हणून निघायचा. मग एक दिवस, उद्यापासून येऊ नकोस. शेवटच्या ठिकाणी तर तेवढंही कोणी सांगितलं नाही, नुसतं फाटकाला कुलूप. हा दिवसभर फाटकाशी उभा. घरी येऊन मला विचारतो, आई, मी काल येतो म्हणालो होतो, मी खोटं बोललो का? तेव्हापासून तो शब्द त्यानं टाकला तो टाकलाच. पण काल म्हणाला, आता दुकान मोठं झालं, की म्हणेन."

"दुकान काय झालं, की?"

"मोठं. वाढवताय ना तुम्ही?"

काकूंनी हातातली इस्त्री ओल्या चादरीवर टेकवली. फस्सकन वाफ वर आली, आणि आली ते बरे झाले, कारण त्या वेळी त्यांचा चेहरा कोणाला दिसावा असा नव्हता. वाफ विरेपर्यंत बाई पायऱ्या उतरून निघाल्यासुद्धा. "येते हं काकू."

"किती वाजता?" पक्क्याने आतून विचारले.

काकू तडक त्याच्या टेबलाशी गेल्या. शेण एकदा खाल्ले ते खाल्ले, आता निस्तरायला हवे. "पक्क्या, काल मी जे म्हणाले ना, ते…"

"पक्कं म्हणालात."

"हो रे, पण…"

"पक्कं म्हटल्यावर पण नसतो," पक्का शांतपणे म्हणाला आणि चादरीचे टोक त्यांच्या हातात दिले. काकू घडी घालू लागल्या. दुसरे करणार काय?

तेवढ्यात चावीवाला हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात उभा. "काकू, एवढी मोठी बातमी, आणि शेजाऱ्याला पत्ता नाही? अहो, किल्ल्यांना जागा लागते ती केवढी? माझी मागची खोली रिकामीच आहे, उंदीर कुस्त्या खेळतात. आपल्यामधल्या भिंतीच्या फळ्या काढून टाकतो. तुम्ही वापरा, आणि माझे हे कळकट कपडे तेवढे धुऊन देत जा. बायको तुम्हाला दुवा देईल."

"अहो, आधी ऐका तरी…"

"ऐकायचं काय त्यात? पक्क्यामुळं माझं गिऱ्हाईक वाढलं. तुमच्याकडे कपडे न्यायला आलेला माणूस माझ्याकडे किल्ली करून जातो. मी काही उपकार नाही करत." असे म्हणत त्याने दोन फळ्या उतरवल्यासुद्धा. जन्मभर बंद कुलपे उघडत आलेला माणूस, बंद भिंत दिसली की त्याचे हात शिवशिवत.

रात्री काकांनी मलम चोळत विचारले, "सांगितलंस का?"

"सांगितलं."

"देवा! मग?"

"सगळे कामाला लागलेत."

"आवराआवरीला? चांगली माणसं आहेत हो," काका म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी संस्थेच्या ताई आल्या, त्या एकट्या नव्हत्या. पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, चाकांच्या खुर्चीत एक चाळिशीची बाई बसली होती. मांडीवर शिवणाचा डबा, गळ्यात टेप. "काकू, आमच्याकडे सगळ्यांना तुमचंच उदाहरण देतेय मी," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की काकूंना त्याच्याकडे बघवेना. "वाढवताच आहात, तर बटणं लावायला, उसवलेलं शिवायला या शिवणवाल्या बाई बघा. मी आहे सोबत सुरुवातीला, काळजी करू नका."

"काकू," शिवणवालीने खालून हाक दिली, "मला काही वर येता यायचं नाही. तुम्हीच या खाली, बोलू."

"अहो, माझे गुडघे…"

"ते एक माझं बरंय. माझे गुडघे अजिबात दुखत नाहीत."

यावर हसावे की हसू नये, या पेचात काकू दारातच उभ्या राहिल्या. खाली ती स्वतःच आधी खो खो हसली, मग ताई हसल्या, मग काकूंचाही बांध फुटला. हसता हसता सगळे खरे सांगण्याचा दिवस आणखी पुढे गेला.

शिवणवालीला वर यायला उतार हवा, हे पक्क्यानेच गल्लीत सांगितले. चावीवाल्याच्या ओळखीचा गवंडी आला. पायऱ्यांची एक बाजू फोडून तिथे उतार करायचे ठरले. वाळू कोणी द्यायची, विटा कोणी उचलायच्या, हे पक्का घरोघर जाऊन विचारून आला. गल्लीतला एकूण एक माणूस सवयीने म्हणाला, "हो हो, येतो ना." आणि पक्क्याला येतो म्हणून न येण्याची आता कोणाची छाती नव्हती. हेडमास्तर बाह्या सरसावून विटा मोजू लागले. मोटारसायकलवाला हेल्मेटमधूनच वाळू वाहत होता. गल्लीतल्याच, बँकेत काम करणाऱ्या एक बाई सगळ्यांना चहा देत होत्या. काकू वरच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. आपण एक शब्द वाकडा बोललो आणि केवढी माणसे सरळ चालून आली! यांना आता "बंद" कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण सांगायला तर हवे होते. महिनाअखेर उजाडली. काकूंनी रात्रभर वाक्य घोटले होते. "मंडळी, माझी चूक झाली, मला दुकान बंद करायचं आहे." एवढेच. म्हणी नाहीत, आडवळण नाही. सकाळी घरापासून दुकानापर्यंत त्या ते वाक्य पुटपुटत आल्या. दुकानासमोर उताराचे काम पुरे झाले होते आणि सगळी मंडळी गोळा झाली होती. काकू कोणाकडे न बघता, ओठ हलवत, सरळ वर गेल्या, दारात पोचल्या आणि वळल्या.

खाली सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"काकू," चावीवाला हळूच म्हणाला, "आज आई गं ऐकू आलं नाही. माझं शटर अजून बंदच आहे."

काकूंनी खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. गुडघे मुकाट्याने उभे होते. त्यांनी उताराकडे पाहिले. इतकी वर्षे त्या दुकानाला कंटाळल्या आहेत, असे त्यांना वाटत आले होते; त्या कंटाळल्या होत्या फक्त पायऱ्यांना. एवढी साधी गोष्ट घरात कोणाच्या डोक्यात आली नव्हती. ती डोक्यात यायला चाकांच्या खुर्चीतली बाई दारात यावी लागली.

"जरा बाजूला व्हा काकू, माझी गाडी येतेय," म्हणत शिवणवाली उतार चढून आत गेली. तिच्यामागून एक आजोबा काठी टेकत आले, त्यांच्यामागून बाळाची गाडी ढकलत एक आई. या दोघांनी हे दुकान आतून कधी पाहिलेच नव्हते.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," काकू म्हणाल्या. "मला हे दुकान…"

घोटलेले वाक्य पुढे सरकेना. आत पक्का घडी घातलेली चादर छातीशी धरून उभा होता. काकू विसरल्या असे वाटून त्याने मदत केली. "वाढवायचंय."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. "हो," त्या म्हणाल्या. "वाढवायचंय." आणि त्यांच्या घराण्यात बहुधा पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ जो आहे तोच झाला. खालून टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी तर चष्मा काढून पुसला.

तो दिवस गडबडीत गेला. शिवणवालीला जागा लावून देण्यात पक्क्याची नेहमीची बस चुकली, आणि आईला निरोप धाडून तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबला. गिऱ्हाइके गेली, शिवणवालीला घेऊन ताई गेल्या. दिवसभराने दमलेल्या काकू सवयीने म्हणून गेल्या, "चल रे, दुकान वाढव आता."

पक्क्याने पडलेल्या भिंतीकडे पाहिले, नव्या टेबलाकडे पाहिले, बाहेर उताराकडे पाहिले. "काकू, आज एवढंच पुरे. सिमेंट संपलंय."

काकू खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू ओसरले. आता मात्र सरळ बोलल्याशिवाय त्यांना राहवेना.

"इकडे ये. दुकान वाढव म्हणजे दुकान बंद कर. आम्ही दुकानदार बंद म्हणत नाही, वाढव म्हणतो."

पक्क्याने त्या दिवशीचे वाक्य मनात उलटून पाहिले. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही बंद करणार म्हणालात."

"हो."

"मला चुकीचं कळलं."

"नाही. तुला बरोबर कळलं. मी चुकीचं बोलले. आणि तू ते बरोबर करून घेतलंस, तुझे फार उपकार झाले माझ्यावर."

उपकारांकडे त्याचे लक्ष नव्हते. "आता काय? बंद?"

"आता फक्त रात्रीपुरतं. सकाळी उघडायचं. तू, मी, शिवणवाली. सगळ्यांनी."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग बंद कर म्हणा."

काकूंनी एक श्वास घेतला, सासऱ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि म्हणाल्या, "बंद कर." आभाळ कोसळले नाही. पक्क्याने नळ बंद केला, दिवा बंद केला, काकू बाहेर आल्यावर शटर ओढले आणि कुलूप लावून दोनदा हिसडून पाहिले.

त्याने डबा पिशवीत टाकला. आता तो नेहमीचा शब्द येणार म्हणून काकू उगाचच किल्ली पर्समध्ये शोधल्यासारखे करू लागल्या, ती हातात असताना.

"काकू."

"हं?"

"येतो."

उतार उतरून तो रस्त्याला लागला तेव्हा कुठे काकूंच्या तोंडून "ये रे, ये" एवढे निघाले. ते त्याला ऐकू गेले असावे, कारण त्याने वळून मान हलवली.

घरी काका वाटच बघत होते. "झालं का? सांगितलंस ना सगळ्यांना शेवटचं, दुकान वाढवायचंय म्हणून?"

"सांगितलं."

"वाईट वाटलं असेल लोकांना."

"टाळ्या वाजवल्या."

काका जरा चपापले. लोकांचे काही सांगता येत नाही, असे त्यांच्या मनात आले. "आणि पक्का? तो बिचारा काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"त्याला अजून नीट कळलेलं दिसत नाही," काका हळहळले आणि मलमाची ट्यूब शोधू लागले. काकूंनी त्यांना शोधू दिली.